सुईवाचून उपचार : मूत्रमार्गाचे चिवट संसर्ग आणि तोंडाने घेण्याची नवी औषधे
(देवळी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानासाठी धर्म, राष्ट्र, वाङ्मय असा एखादा उन्नत विषय घ्यावा अशी आपल्याकडे वहिवाट आहे. मी मात्र आज लघवीच्या विकाराविषयी बोलणार आहे, आणि त्याबद्दल क्षमा मागावी असे मला वाटत नाही. कारण ज्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेता येत नाही ते दुखणे अंगावर काढले जाते, आणि अंगावर काढलेल्या दुखण्यांची किंमत आपल्या विदर्भातील स्त्रियांनी फार मोजली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तान्त १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा शेकडा ब्याण्णव जणींना एखादा तरी स्त्रीरोग असल्याचे जगासमोर आले. आणि त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. ती पाहणी स्त्रीरोगांची होती, मूत्रमार्गाच्या संसर्गाची नव्हे. परंतु त्या आकड्यांमागे जो संकोच उभा होता तोच आजच्या विषयाच्याही दाराशी उभा आहे, आणि तो ओलांडल्यावाचून औषधाची चर्चा सुरूच होऊ शकत नाही.

दुखणे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘उन्हाळी लागली’ असे आपण म्हणतो. लघवीला जळजळ होते, घटकेघटकेला जावेसे वाटते, गेल्यावर चार थेंब होतात, ओटीपोट ठणकते. पुष्कळदा हे सगळे उष्णतेवर ढकलले जाते आणि धण्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत यांवर वेळ निभावली जाते. त्यात गैर काही नाही, पाणी पिणे हितकरच असते. पण बहुतेक वेळी या जळजळीच्या मुळाशी जंतू असतो, आणि तो जंतू बाहेरून आलेला कोणी परका नसून आपल्याच आतड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेला ‘एश्चेरिशिया कोलाय’, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘ई-कोलाय’ असतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा आहे, गुदद्वारापासून त्याचे मुख फार दूर नाही, आणि म्हणून शरीररचनेनेच हा संसर्ग स्त्रियांच्या वाट्याला अधिक घातला आहे. निम्म्या तरी स्त्रियांना तो आयुष्यात एकदा होतोच. त्यात आपल्याकडची परिस्थिती भर घालते. सकाळी सातला वावरात गेलेली बाई, धुऱ्यावर आडोसा नाही म्हणून, दिवसभर लघवी दाबून ठेवते, आणि लघवी लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या ओळीतून वाकून चालणाऱ्या वीस बायांपैकी कितीजणी हे करतात, हे इथे बसलेल्या भगिनींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

हा संसर्ग मूत्राशयापुरता राहिला तर साध्या गोळीने चार-पाच दिवसांत बरा होतो. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला की हुडहुडी भरून ताप येतो, कुशीत कळा येतात, आणि तेथून जंतू रक्तात शिरला तर प्राणावर बेतते. आणि इथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. साध्या गोळीला जंतू दाद देईनासा झाला की रोग तोच, रोगी तोच, पण उपचाराचे स्थळ बदलते. गोळी देवळीत घेता येते. मेरोपेनेम हे शिरेतून, आठ-आठ तासांनी द्यावे लागते, म्हणून ते घरी घेता येत नाही. अमिकासिन दिवसातून एकदा पुरते, पण मूत्रपिंडावर आणि कानांवर होणाऱ्या त्याच्या परिणामावर नजर ठेवावी लागते. अर्टापेनेमही दिवसातून एकदा देता येते, पण तेही टोचावेच लागते. म्हणजे सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या मोठ्या इस्पितळात भरती होणे आले, किंवा आठवडाभर रोज एस.टी.ने जाणे-येणे आले. सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडालेली, घरी लेकरे शेजारणीच्या भरवशावर. भिडीहून किंवा नाचणगावहून येणाऱ्या बाईची तर याहून परवड. मूत्राशयाचा एक साधा संसर्ग, केवळ जंतूने साध्या औषधांना जुमानले नाही एवढ्यावरून, एका कष्टकरी कुटुंबाचा ऐन हंगामातला आठवडा खाऊन टाकतो. त्यामुळे मोठ्या शहरात ‘तोंडाने घेण्याचे नवे औषध’ ही सोयीची गोष्ट असेल. तालुक्याच्या गावी ती न्यायाची गोष्ट आहे.

सुई आणि गोळी यांमधला हा भेद या जिल्ह्याच्या इतिहासातही एका जागी कोरला गेला आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच, कस्तुरबा अत्यवस्थ झाल्या. हृदयविकार जुना होता, त्यात न्यूमोनिया जडला. पेनिसिलिन तेव्हा अगदी नवे, दुर्मीळ. देवदास गांधींच्या आग्रहाने ते विमानाने कलकत्त्याहून आणवले गेले. पण ते दर काही तासांनी टोचावे लागेल हे कळल्यावर, शेवटच्या घटका मोजणाऱ्या देहाला ही यातना नको असे गांधीजींनी ठरवले, आणि २२ फेब्रुवारीला बा गेल्या. तो निर्णय योग्य की अयोग्य याचा निवाडा करण्यास मी येथे आलेलो नाही, आणि त्या अवस्थेत औषधाने काही साधले असते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या वेळी तेथे असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी पुढे १९४४-४५ च्या सुमारास सेवाग्रामला जो दवाखाना उभारला त्याला कस्तुरबांचे नाव मिळाले, आणि १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच आवारात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तुमच्या-माझ्या घरची कितीतरी माणसे ज्या इस्पितळात जाऊन बरी होऊन आली त्याच्या पूर्वपीठिकेत एक न टोचलेले इंजेक्शन आहे.

पेनिसिलिन टोचावेच का लागे? पोटातील आम्लात त्याचा रेणू टिकत नसे म्हणून. आणि वारंवार का टोचावे लागे? मूत्रपिंडे ते इतक्या तत्परतेने गाळून बाहेर टाकीत की रक्तातील त्याची मात्रा थोड्याच वेळात ओसरून जाई. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे पहिल्या रोग्याला पेनिसिलिन दिले गेले तेव्हा औषधाचा साठा इतका अपुरा होता की त्या रोग्याची लघवी जमा करून, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढून, ते त्यालाच परत टोचण्यात आले. तरीही साठा संपला आणि तो दगावला. ही गळती थोपवण्यासाठी १९५० च्या आसपास प्रोबेनेसिड नावाचे एक साहाय्यक द्रव्य तयार झाले. ते मूत्रपिंडाला औषध बाहेर टाकू देत नाही, विलंब लावते. पुढे पेनिसिलिन मुबलक झाले आणि प्रोबेनेसिड वातरक्ताच्या (गाउटच्या) रोग्यांपुरते मागे पडले. हे जुने नाव आपण लक्षात ठेवावे, कारण सत्तर वर्षांनी ते एका नव्या गोळीत पुन्हा रुजू झाले आहे. तसेच हेही ध्यानात धरावे की मूत्रपिंडाची जी तत्परता पेनिसिलिनाला बाधक ठरली तीच मूत्रमार्गाच्या औषधांना साधक ठरते: जे औषध रक्तात फारसे न रेंगाळता लघवीत साचते ते मूत्राशयातील जंतूवर नेमके पोचते. १९५३ साली आलेले नायट्रोफ्युरंटॉइन असेच आहे, आणि १९६९ साली स्पेनमधील संशोधनातून हाती आलेले फॉस्फोमायसिनही असेच. त्याची तीन ग्रॅमची एक पुडी पाण्यात कालवून एकदाच घेतली की साध्या संसर्गाला ती बहुधा पुरते. या दोन वृद्ध औषधांविषयी मला फार आदर आहे. आजही ई-कोलायच्या बहुसंख्य जाती त्यांच्यापुढे नमतात, आणि याचे एक कारण असे की मूत्राशयाखेरीज अन्यत्र ती फारशी उपयोगी नसल्यामुळे खोकल्या-पडशावर ती कोणी वाटली नाहीत.

जी वाटली गेली त्यांचे काय झाले ते पाहा. १९६२ साली, मलेरियावरील क्लोरोक्विन तयार करताना हाती लागलेल्या एका उपपदार्थापासून नॅलिडिक्सिक ॲसिड निघाले. त्याच्या वंशात पुढे नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन आली. ही औषधे उत्कृष्ट होती. तोंडाने घेता येत, लघवीत उतरत, मूत्रपिंडापर्यंतही काम करीत; मूत्रपिंडाच्या संसर्गाला घरच्या घरी बरे करण्याचे सामर्थ्य त्यांनी डॉक्टरांच्या हाती दिले. आणि आपण ते सामर्थ्य जुलाबात, तापात, सर्दीत, दाढदुखीत उधळले. दोन गोळ्या घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या कपाटात ठेवायच्या, पुढच्या वेळी शेजाऱ्याला द्यायच्या. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाही, शहाणा होतो, ही ताकीद अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच देऊन ठेवली होती. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला त्याच्याही आधी. म्हणजे आपल्या देशात प्रतिजैविक बनू लागण्यापूर्वीच त्याच्या दुरुपयोगाचा इशारा आपल्या दप्तरी दाखल होता.

आता जंतू शहाणा होतो म्हणजे काय करतो, हे थोडे खुलाशाने सांगतो. पेनिसिलिनापासून सेफिक्झिमपर्यंत आणि तेथून मेरोपेनेमपर्यंत जी औषधांची मोठी मालिका आहे तिच्या प्रत्येक रेणूत चार अणूंचे एक कडे असते. हे कडे जंतूच्या भिंतीच्या बांधकामात मोडता घालते आणि भिंत पुरी न झाल्याने जंतू फुटतो. जंतूने यावर विकरे (एन्झाइम) निर्माण केली, जी हे कडेच तोडतात. त्यांपैकी एक जोरकस विकर, सीटीएक्स-एम-१५, प्रथम नवी दिल्लीतून १९९९ साली मिळालेल्या जंतूंमध्ये वर्णिले गेले आणि आज जगभर पसरले आहे. त्याच्यामुळे सेफिक्झिम, सेफ्ट्रिअक्झोन यांसारखी औषधे निकामी होतात. रोग्याच्या रिपोर्टावर ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा येतो तो याच जातीच्या विकरांमुळे. मग मेरोपेनेमच्या कुळातील औषधे, ज्यांना कार्बापेनेम म्हणतात, हीच शेवटची तटबंदी उरली. २००८ साली स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या लघवीत, तो दिल्लीत इस्पितळात राहून परतल्यावर, असा क्लेबसिएला जंतू सापडला की ज्याने तीही तटबंदी जस्ताच्या साहाय्याने चालणाऱ्या एका नव्या विकराने फोडली होती. त्या विकराला नवी दिल्लीचे नाव दिले गेले, एनडीएम-१, आणि २०१० साली त्यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. देशाची बदनामी झाली, पर्यटकांवर परिणाम होईल, अशी वक्तव्ये झाली. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध केले होते: कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या चोवीस जंतूंपैकी बावीसांत तेच विकर आढळले होते. नावाबद्दल वाद घालणारे पुष्कळ निघाले. स्वतःच्या घरचा हिशेब असा उघडपणे मांडणारे थोडे, आणि त्या थोड्यांचे आपण ऋणी आहोत.

तेव्हापासून हा हिशेब नियमाने ठेवला जाऊ लागला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ पासून देशभरच्या प्रयोगशाळांचे जे जाळे विणले त्यात आपले सेवाग्रामही आहे. त्या परिषदेच्या अहवालांप्रमाणे, मोठ्या इस्पितळांतून आलेल्या ई-कोलायच्या नमुन्यांपैकी इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये शेकडा सुमारे ८१ होते, ते २०२३ पर्यंत शेकडा सुमारे ६३ वर आले. हे आकडे इस्पितळातील गंभीर रोग्यांचे आहेत. वावरातून थेट दवाखान्यात आलेल्या बाईच्या जंतूला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आणि कोणी तसे लावून भय पसरवू नये. परंतु उतार कोणत्या दिशेला आहे हे त्यावरून कळते.

अशा वेळी २०२४ आणि २०२५ या वर्षांत परदेशांतून काही चांगल्या वार्ता आल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पिव्हमेसिलिनम या गोळीला मान्यता दिली. तिला मी नवी म्हणणार नाही; डेन्मार्क, स्वीडन या देशांत ती चाळीस वर्षांहून अधिक काळ मूत्राशयाच्या संसर्गावर पहिल्या पसंतीची म्हणून दिली जाते, आणि इतक्या वापरानंतरही तेथील जंतू तिला बव्हंशी वश आहेत. तेथे औषधे जपून लिहिली जातात, हे त्याचे एक कारण आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुलोपेनेम मान्य झाले. हे कार्बापेनेमच्या जवळच्या कुळातले, पण तोंडाने घेता येणारे औषध. आणि याच गोळीत ते जुने प्रोबेनेसिड घातले आहे, जेणेकरून औषध शरीरात अधिक काळ टिकावे. मान्यतेचा हुकूम देताना प्रशासनाने ज्यांच्यापुढे दुसऱ्या गोळीचा पर्याय उरलेला नाही किंवा फार थोडा उरला आहे अशा प्रौढ स्त्रियांसाठीच, अशी मर्यादा त्यावर घातली. तिसरे टेबिपेनेम. जपानात ते मुलांच्या कानाच्या आणि श्वसनमार्गाच्या संसर्गांसाठी २००९ पासून आहे. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या बिकट संसर्गातही ते शिरेतून दिल्या जाणाऱ्या इमिपेनेमच्या तोडीस उतरते का, याची चाचणी सोळाशेहून अधिक रोग्यांवर झाली आणि उत्तर होकारार्थी मिळाल्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. मला या वार्तेचे मोल सर्वांत अधिक वाटते, कारण आठवडाभराच्या भरतीला पर्याय ठरू शकेल असे औषध त्यात दिसते.

आणि चौथे, जे खऱ्या अर्थाने नव्या वर्गाचे आहे, ते गेपोटिडासिन. २५ मार्च २०२५ रोजी त्याला मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी तोंडाने घेण्याच्या औषधांचा नवा वर्ग सुमारे तीस वर्षांनी प्रथमच आला. जंतूचे गुणसूत्र म्हणजे पीळ भरलेला लांब धागा. जंतू दुभंगताना तो पीळ उकलण्याचे काम दोन विकरे करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनही याच विकरांना धरते, पण गेपोटिडासिन त्यांना वेगळ्या जागी धरते, आणि दोन्ही विकरांवर त्याची पकड जवळजवळ सारखी असते. म्हणून जंतूला सुटायचे तर दोन्हीकडे एकाच वेळी बदल घडवून आणावा लागतो, जे सहसा घडत नाही. भिंत बांधण्याशी याचा संबंध नाही आणि त्याच्यात ते चार अणूंचे कडेही नाही. त्यामुळे कडे तोडणारी विकरे, मग ती सीटीएक्स-एम असोत की एनडीएम, त्याच्यावर चालत नाहीत. तीन हजारांहून अधिक रोगी असलेल्या दोन चाचण्यांत त्याची तुलना आपल्या त्या वृद्ध नायट्रोफ्युरंटॉइनशी करण्यात आली. लक्षणे पूर्ण जाणे आणि लघवीतून जंतू नाहीसा होणे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच यश धरायचे, असा कडक निकष होता. पहिल्या चाचणीत नव्या गोळीला शेकडा ५०.६ आणि जुनीला ४७ यश आले, दुसरीत ५८.५ आणि ४३.६. जुलाब आणि मळमळ मात्र नव्या गोळीने अधिक होते.

हे आकडे मी मुद्दाम वाचून दाखवले. पहिल्या चाचणीत जुन्या गोळीची पीछेहाट किती थोडी आहे ते पाहा. आणि ही तुलना फक्त अशा रोग्यांपुरती होती की ज्यांचा जंतू जुन्या गोळीला दाद देणारा होता. जिच्या जंतूवर नायट्रोफ्युरंटॉइन चालते तिला ते द्यावे. नवी गोळी राखून ठेवावी ती जिच्या जंतूवर दुसरे काही चालत नाही तिच्यासाठी. माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे, आणि बाकीचे व्याख्यान हे त्या वाक्याच्या अंमलबजावणीत काय आड येते याचा तपशील आहे.

पहिली अडचण अशी की तोंडाने घेण्याच्या अशा गोळीचा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेला आहे. फॅरोपेनेम ही सुलोपेनेमची सख्खी बहीण म्हणावी अशी गोळी. ती भारतातल्या मेडिकलच्या दुकानांत बरीच वर्षे विकली जात आहे. २०१० ते २०१४ एवढ्या काळात तिचा खप सुमारे अडीचपट झाला. ही वाढ काही चिवट संसर्गांच्या रोग्यांची संख्या अडीचपट झाल्यामुळे झाली नव्हती. घशापासून कानापर्यंत वाटेल त्या तक्रारीवर ती लिहिली गेली. आणि जो जंतू फॅरोपेनेम पचवायला शिकतो तो मेरोपेनेमच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. एनडीएम विकर असलेल्या जंतूपुढे तर सुलोपेनेम, टेबिपेनेम, फॅरोपेनेम या तिघींचाही उपाय चालत नाही. म्हणून ज्या देशात ते विकर घरोघर पोचण्याच्या बेतात आहे तेथे या कुळातल्या गोळ्यांचे आयुष्य डेन्मार्कमधल्यासारखे दीर्घ असेल असे गृहीत धरता येणार नाही.

कायदा नाही असे नव्हे. औषध नियमांतील एच-वन या अनुसूचीची अधिसूचना २०१३ च्या ऑगस्टमध्ये निघाली आणि मार्च २०१४ पासून ती अमलात आली. फॅरोपेनेमसह शेचाळीस औषधे तिच्यात घातली गेली. ती चिठ्ठीवाचून विकू नयेत, विकताना रोग्याचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहावी, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा त्यात बंदोबस्त आहे. नियम स्वच्छ आहे. परंतु नियमाचे बळ त्या नोंदवहीवर अवलंबून आहे, आणि वही तपासणारा माणूस तालुक्याला वर्षातून कितीदा येतो यावर. दुकानदाराला मी सर्वस्वी दोष देणार नाही. समोर उभी असलेली बाई कळवळते आहे, डॉक्टरकडे जायला तिच्याजवळ पैसे नाहीत, ‘भाऊ, मागं दिली होती तीच गोळी दे’ म्हणते. त्या माणसाने काय करावे? त्याच्या हाती देण्यासारखे दुसरे काहीतरी ठेवल्यावाचून त्याला नुसता नकार द्यायला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरी अडचण पैशाची आहे, आणि ती आपल्या हातातली नाही. जे औषध जपून ठेवायचे ते खपत नाही, आणि जे खपत नाही ते बनवणारी कंपनी तग धरत नाही. प्लाझोमायसिन हे मूत्रमार्गाच्या बिकट संसर्गांवरील इंजेक्शन २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि ते शोधणारी अकाओजेन ही कंपनी २०१९ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत निघाली, अवघ्या दहा महिन्यांत. म्हणून आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरच्या संशोधनकेंद्रात, वोक्हार्ट कंपनीने पंचवीस-तीस वर्षे नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम चालू ठेवले याचे मला विशेष वाटते. त्यांनी शोधलेले झिडेबॅक्टम हे द्रव्य सेफेपिम या प्रतिजैविकाबरोबर दिले असता एनडीएम विकर असलेल्या जंतूंवरही चालते, आणि मूत्रमार्गाच्या बिकट संसर्गावर मेरोपेनेमशी झालेल्या त्याच्या तुलनेचा निकाल २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाला तेव्हा यशाचे प्रमाण शेकडा ८९ आणि ६८.४ असे होते. पण तेही शिरेतून द्यायचे औषध आहे. त्याच कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन तोंडाने तीन दिवस घ्यायचे आहे, पण ते न्यूमोनियासाठी. एनडीएमला न जुमानणारी, मूत्रपिंडापर्यंत काम करणारी, आणि देवळीच्या बाईला परवडणारी गोळी अजून कोणाच्याच हाती नाही. जेव्हा येईल तेव्हा ती महाराष्ट्रातून यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिसरी अडचण तपासणीची, आणि इथे मात्र आपल्याला पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. कोणता जंतू कोणत्या औषधाला वश आहे हे चेहरा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी लघवीचे कल्चर करावे लागते. ते कसे होते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले नसेल. मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल एवढ्याच मापाच्या तारेच्या कडीने लघवी उचलून थाळीतील पोषक थरावर ओढतात आणि रात्रभर शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. सकाळी त्या हिरवट थरावर ई-कोलायच्या पिवळ्या वसाहती उठलेल्या दिसतात. शंभर मोजल्या तर मिलिलिटरमागे लाख जंतू झाले, आणि संसर्गाची रूढ खूण तीच. मग त्यांतली एक वसाहत घेऊन दुसऱ्या थाळीवर सारखी पसरतात, आणि तिच्यावर कागदाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवतात, प्रत्येकीत एक औषध मुरवलेले. दुसऱ्या दिवशी त्या चकत्यांभोवती जंतू न वाढल्याची स्वच्छ वर्तुळे दिसतात, आणि ती पट्टीने मोजतात. नायट्रोफ्युरंटॉइनभोवतीचे वर्तुळ सतरा मिलिमीटर किंवा अधिक भरले तर ते औषध खुशाल द्यावे. एखाद्या थाळीवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला चिकटून, सेफिक्झिमच्या चकतीला चिकटून, जंतूंची साय दाट वाढलेली असते आणि नायट्रोफ्युरंटॉइन व फॉस्फोमायसिन यांच्याभोवती मात्र रुंद वर्तुळे उघडलेली असतात. अशी थाळी पाहिली की एका बाईची भरती टळली हे प्रयोगशाळेतल्या माणसाला रोगी न पाहताही कळते.

या सगळ्याला दोन दिवस लागतात, आणि साहित्य फार महाग नाही. पण नमुना दोन तासांत थाळीवर गेला पाहिजे, किंवा तोवर बर्फात राहिला पाहिजे; नाही तर वाटेतच जंतू वाढतात, चार हजारांचे लाख होतात, आणि खोट्या रिपोर्टावर खरे औषध दिले जाते. लघवीही मधल्या धारेची, स्वच्छ घेतलेली हवी. वृद्ध माणसांच्या आणि नळी घातलेल्या रोग्यांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. त्यांना औषध द्यायचे नसते, आणि तो रिपोर्ट पाहून घाबरून द्यायला लावणे हेही दुरुपयोगाचेच एक रूप आहे. याला मोठा अपवाद गरोदर स्त्रीचा. तिला त्रास नसला तरी जंतू असल्यास उपचार करावा लागतो, कारण न केल्यास मूत्रपिंडाच्या संसर्गाचा धोका बराच वाढतो आणि त्याची झळ पोटातल्या बाळालाही पोचते.

म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांपुढे, नगरपरिषदेपुढे आणि येथील ग्रामीण रुग्णालयापुढे माझी एक दरखास्त आहे, आणि ती फार खर्चाची नाही. देवळी ते सेवाग्राम हा रस्ता तासाभराचा आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या तपासणीच्या वेळची लघवी, आणि जिला साध्या गोळीने दोन दिवसांत उतार पडला नाही अशा प्रत्येक बाईची लघवी, बर्फाच्या पेटीतून दररोज सकाळी ठरलेल्या एका वाहनाने प्रयोगशाळेत जावी, आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी फोनवर दवाखान्यात यावा. तोवर फॉस्फोमायसिनची पुडी किंवा नायट्रोफ्युरंटॉइन, गरोदरपणाचा महिना पाहून, रुग्णालयातून फुकट मिळावे, म्हणजे दुकानदारालाही समोरच्या बाईला कोठे पाठवायचे ते सांगता येईल. वर्षभरात जमलेल्या रिपोर्टांचा गोषवारा काढून तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर एका पानाचा तक्ता लागावा: देवळीच्या जंतूंवर कोणती गोळी शंभरांत किती वेळा चालते. दिल्ली-मुंबईच्या इस्पितळांचे आकडे वाचून देवळीत औषध लिहिण्याची वेळ मग येणार नाही, आणि नव्या गोळ्या जेव्हा इथल्या मेडिकलमध्ये येतील तेव्हा त्या कोणासाठी उघडायच्या हे त्या तक्त्यावरून ठरवता येईल. प्रत्येक बाटलीवर नाव, वय, गाव आणि लघवी घेतल्याची वेळ लिहावी. वेळ लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेने तो नमुना न तपासता परत पाठवावा आणि दुसरा मागवावा.